रेघेपर्यंतचं दूध

दुधाच्या डब्याचं झाकण चमच्याच्या दांडीनं उचकटलं की टक् असा आवाज येतो. चार महिन्यांची माझी परी त्या आवाजाला रडायची. दूध अजून कालवलेलंही नसायचं. ती पलंगावर पंख्याकडे बघत हातपाय हलवत असायची, आणि टक् झालं की असा टाहो फोडायची, की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडायच्या, "काय करून राह्यली व त्या लेकराले?"

मी काहीच करत नव्हते. दूध देत होते.

हे मी लिहितेय ते आत्ता जिच्या घरात असंच चाललंय तिच्यासाठी. मला तेव्हा असं कोणी लिहिलेलं सापडलं नाही. मोबाईलवर शोधलं तर सगळी हसरी बाळं आणि हसऱ्या आया. आपलं लेकरू दुधाला घाबरतं हे सांगायचं कोणाला, आणि सांगितलं तर लोक मला काय म्हणतील, यातच माझे कितीतरी दिवस गेले.

आधी माझ्याबद्दल

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार. आई मी बारावीत असताना गेली. पहिल्या श्रेणीत पास झाले तेव्हा वडील दारव्ह्याला जाऊन गुणपत्रिका लॅमिनेट करून आले. येताना बसमध्ये शेजारच्या दोघांना दाखवूनही आले. ही फुशारकी आहे, मला कळतं. पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नवरा ट्रक चालवतो. कापसाच्या गठाणी घेऊन हैदराबादकडे जातो, येताना जो माल मिळेल तो आणतो. महिन्यातले आठ-दहा दिवस घरी. सासर बोरी अरबच्या जवळ, घरची शेती आहे. माहेरी करणारं कोणी नाही म्हणून बाळंतपण सासरकडेच झालं. नंतर मला ताप भरला, टाक्यांत पू झाला, आणि मी बारा दिवस यवतमाळला दवाखान्यात पडून राहिले. परी तेवढे दिवस सासूबाईंजवळ, डब्याच्या दुधावर. मी परत आले तेव्हा माझं दूध आटलं होतं. परत यावं म्हणून काय काय केलं ते माझं मला माहीत. "अंगावर पाजत नाही का?" या प्रश्नाला पहिले मी सगळी कहाणी सांगायची. नंतर नुसतं "नाही" म्हणायला शिकले.

घुटी

सासूबाईंना मी आई म्हणते. मी दवाखान्यात असताना त्यांनी परीला घुटी सुरू केली होती. सहाणेवर वेखंड, हळकुंड आणि कसल्या कसल्या काड्या उगाळायच्या आणि आंघोळीनंतर चमच्यानं पाजायच्या. पाजायची रीत ठरलेली. पाय लांब करून बसायचं, लेकराला पायांवर उताणं घ्यायचं, त्याचा एक हात आपल्या बगलेत दाबायचा, दुसरा मुठीत धरायचा, हनुवटी दोन बोटांत पकडायची आणि चमचा थेट घशापाशी न्यायचा. लेकरू रडायला लागलं की तोंड उघडतं. तेव्हाच ओतायचं.

"रडली का बरोबर गियते," आई म्हणायच्या.

मला ते बघवेना. आठ दिवस थांबले आणि एका सकाळी म्हणाले, "आई, डॉक्टरांनी दुधाशिवाय काही द्यायचं नाही सांगितलंय. उद्यापासून घुटी बंद."

"माये तीन लेकरं घुटीवरच मोठे झाले," त्या म्हणाल्या.

"तीनही जगली हे नशीब म्हणा," मी म्हणाले.

ओट्यावर गल्लीतल्या दोघी बसल्या होत्या. त्यातली एक हसली. आईंनी सहाण धुतली, भिंतीला उभी करून ठेवली आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. महिनाभरानं नवऱ्यानं पांढरकवड्याला खोली केली, हायवेपासून दोन गल्ल्या आत. त्याला ते सोयीचं होतं. निघताना तो म्हणाला, "आईले घेऊन जाऊ का संगं थोडे दिवस?" आई दारातच होत्या. मी म्हणाले, "कशाला? शिकलेली आहे मी. पाहून घेईन."

घुटी बंद करण्यात माझं काही चुकलं नव्हतं, आणि आजही मी ती कोणाला द्या म्हणणार नाही. चुकलं ते दुसरंच.

रेघ

डब्यावर तक्ता छापलेला असतो. इतक्या वयाला इतके चमचे, इतकं पाणी, इतकं दूध. छापलेलं दिसलं की मला पेपर दिसतो, आणि पेपर म्हटला की पूर्ण सोडवायचा. परीच्या वयापुढे दीडशे लिहिलं होतं. बाटलीवर दीडशेची रेघ होती.

पहिले ती पूर्ण प्यायची. मग एक दिवस एकशे वीसवर थांबली, तोंड फिरवलं. मी उरलेलं तीस पाजलं. गाणं म्हणत, गाल थोपटत, पण पाजलं. दुसऱ्या दिवशी ती शंभरवर थांबली. मी पन्नास पाजलं.

दोन आठवड्यांत ती बाटली पाहूनच पाठीची कमान करायला लागली. ओठ घट्ट मिटायची. दूध गालात धरून ठेवायची आणि मग सगळं माझ्या अंगावर सोडायची. रडून रडून कपाळावरचे केस घामानं चिकटायचे. आणि अर्ध्या तासानं भुकेनं स्वतःची मूठ चोखत बसायची. माझ्यासाठी सगळ्यात वाईट ती मूठ होती. भूक आहे, दूध आहे, मी आहे, आणि तरी ती मूठच चोखते.

मी निपल बदलले. पाच प्रकारचे आणले. दुधाचा डबा बदलला. काकूंनी सांगितलं म्हणून नजर काढली, मीठ आणि लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. बी.एस्सी. केमिस्ट्री. मिरच्यांचा ठसका आला नाही तर काकू म्हणाल्या, "पाह्य, नजरच होती." मी म्हणाले, "काकू, मिरच्या ओल्या होत्या." त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तसंही त्यांच्याशिवाय माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

नवऱ्याचा फोन ढाब्यावरून यायचा. मागे ट्रकची घरघर. पहिला प्रश्न एकच, "किती पेली?"

"एकशे वीस," मी म्हणायची.

प्यालेली असायची साठ. त्यातली निम्मी माझ्या गाऊनवर. त्यानं विचारलं असतं, कशी आहेस, तर मी कदाचित खरं सांगितलं असतं. पण तो किती विचारायचा, आणि मी कितीचं उत्तर द्यायची. फोन ठेवला की खोली पहिल्यापेक्षा लहान वाटायची. पाजायच्या वेळी मी खिडकी लावून घ्यायला लागले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दिवसातून सात वेळा खिडकी बंद. आत आम्ही दोघी, एक रडणारी आणि एक न रडणारी.

यवतमाळ

परीला घेऊन मी एकटीच एस.टी.नं यवतमाळच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. काट्यावर पाच किलो शंभर. तीन आठवड्यांपूर्वी लसीच्या वेळीही पाच किलो शंभरच होतं.

डॉक्टरांनी नीट तपासलं. तोंडात बुरशी आहे का, जीभ टाळूला लागते का, छाती, पोट, कान. उलट्या किती, शी कशी, अंगावर पुरळ येतं का, सगळं विचारलं. लघवीची तपासणी केली. मग म्हणाले, "आजार काही दिसत नाही." मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आजार असता तर औषध असतं.

मग त्यांनी विचारलं, "पाजताना जबरदस्ती करता का?"

"नाही, सर," मी म्हणाले. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "मी बी.एस्सी. आहे."

"मग तर चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मी खोटं बोलत नव्हते. जबरदस्ती म्हणजे सासूबाई घुटी पाजायच्या ते. मी तर मोजून, उकळलेल्या पाण्यात, वेळेवर पाजत होते.

त्यांनी बाटली सोडून वाटी-चमच्यानं पाजून बघायला सांगितलं. दहा दिवसांनी परत बोलावलं. "वजन हाललं नाही तर भरती करावं लागेल," ते म्हणाले. "काही दिवस नाकातून नळी घालून दूध देऊ. घाबरू नका, पण वेळ घालवू नका."

परतीच्या बसमध्ये मी परीच्या नाकाकडेच पाहत होते. केवढंसं नाक. त्यात नळी जाते कशी, हे मला कळेना. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "भूक लागली वाटते तिले, दूध नाई का आनलं?" पिशवीत बाटली होती. मी म्हणाले, "नाही आणलं."

घरी येऊन वाटी-चमचा घेतला. चमचा दिसताच परी जी किंचाळली, तशी ती बाटलीलाही कधी किंचाळली नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

आई आल्या

नळीचं मी नवऱ्याला सांगितलं, आणि त्यानं आईंना. दोन दिवसांनी सकाळी अकराला दारात आई उभ्या. बोरीहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा, दोन बस बदलून. हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पाय धुयाले पानी दे."

पाय धुतले, हात धुतले, पण परीला उचललं नाही. भिंतीला टेकून बसल्या. दुधाची वेळ झाली होती. मला वाटलं, बघू दे यांना, मी किती नीट करते. मी बाटली उकळली, दूध कालवलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, खिडकी लावली. पाय लांब करून बसले. परीला पायांवर उताणं घेतलं. ती रडायला लागली. तिचा एक हात बगलेत घेतला, दुसरा मुठीत धरला, नाहीतर ती बाटली ढकलते. हनुवटी दोन बोटांत धरली. रडताना तोंड उघडलं, तेव्हा निपल आत घातलं. माझे डोळे बाटलीवरच्या रेघेवर होते.

"थांब," आई म्हणाल्या.

मी थांबले नाही.

"थांब नं व! असंच तं मी धरत होती."

मी वर पाहिलं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"हे घुटी पाजनंच होय," त्या म्हणाल्या. "चमचा नाई, बाटली आहे, एवढंच."

मला राग आला. पहिल्यांदा रागच आला, हे खरं सांगते. माझं आणि यांचं एकच, असं या म्हणतात! मी ओरडले, "मग कशी पाजू? तुम्हीच सांगा! नाहीच प्याली तर नळी घालतील तिला!"

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, आमच्या वेळी असं नव्हतं. किंवा, पाहून घेणार होतीस ना तू? त्या म्हणाल्या, "मले नाई माहीत, बाई. मले घुटीचंच माहीत होतं. पन तिचे हात सोड. माया हातात बी ती अशीच करत होती, मले वाटे औषद कडू लागते."

मी हात सोडले. परीनं दोन्ही हातांनी बाटलीवर थाप मारली, बाटली पलंगाखाली गेली. आम्ही दोघी तिकडे बघत बसलो. आई वाकून बाटली काढायला लागल्या आणि म्हणाल्या, "बापावर गेली." मला हसू आलं. हसताना रडू आलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कोणासमोर.

मी घुटी बंद केली होती. ती पाजायची रीत मात्र माझ्या हातांनी आठ दिवसांत बघून उचलली होती, आणि मला पत्ता नव्हता. चमच्याला ती का किंचाळली, तेही आता कळलं. ती घुटी विसरली नव्हती. विसरू मीच देत नव्हते.

मोजा

दवाखान्यात फोन केला. तिथल्या सिस्टरनं पूर्ण ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मोठ्या दवाखान्यात एवढी दया पुष्कळ असते. डॉक्टरांना विचारून तिनं परत फोन केला. बाळाला मांडीवर थोडं उठतं धरा, हात मोकळे ठेवा, निपल ओठाला लावा आणि तिनं तोंड उघडायची वाट बघा. तोंड फिरवलं की बंद. ओले लंगोट मोजा. दिवसात सहापेक्षा कमी झाले, लेकरू सुस्त पडलं, तर दहा दिवसांची वाट न बघता लगेच या.

सांगायला सोपं आहे. तीन आठवडे वजन न वाढलेलं लेकरू वीस मिलीवर तोंड फिरवतं, आणि तुम्ही बाटली बाजूला ठेवायची. माझा हात आपोआप परत पुढे जायचा. आई मनगट धरायच्या. डोळे सारखे रेघेकडे जायचे, तेव्हा मी परीचा लोकरी मोजा बाटलीवर चढवला. रेघ दिसेना. आई म्हणाल्या, "बाटलीले थंडी वाजून राह्यली का व?"

पहिल्या दिवशी ती पहिल्यापेक्षाही कमी प्याली. दोरीवर सहा लंगोट, बरोबर सहा. मी दोरीखाली उभी राहून तीनदा मोजले. दुसऱ्या दिवशीही तेवढेच. पण दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण टक् झालं तेव्हा तिनं नुसती मान वळवली. रडली नाही. मी आणि आईंनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मी चमचा अलगद खाली ठेवला, जसं काही आवाज झाला तर ती रडेल.

तिसऱ्या दिवशी आईंना जावं लागलं. सोयाबीन काढायला आला होता. मी परीला घेऊन बसस्टँडवर सोडायला गेले. बस लागली तेव्हा मी म्हणाले, "आई, त्या दिवशी मी ते तीन लेकरांचं बोलले होते, ते…"

"बस हालली व," त्या म्हणाल्या. "जाय घरी. लेकरू उन्हात आहे."

पाच दिवस

मग परत मी, परी आणि खोली. पहिल्यापेक्षा हे दिवस जड गेले, कारण आता करायचं काहीच नव्हतं. पूर्वी निदान झटापट होती. आता नुसतं बसायचं, बाटली ओठाला लावायची, आणि चार महिन्यांच्या बाईची मर्जी बघायची. खिडकी मात्र मी उघडी ठेवायला लागले. काकू एकदा डोकावून म्हणाल्या, "आजकाल आवाज येत नाई, गावी गेलती का?"

नवऱ्याला मी खरा आकडा सांगितला. "मला माहीत नाही," म्हणाले. "मोजा घातलाय." त्याला काही कळलं नाही. मग तो म्हणाला, "तू जेवली का?"

वजनाच्या आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला परी मांडीवर होती. थोडी प्याली आणि बाटली ढकलली. मी बाटली खाली घेतली, बोळक्या तोंडावरचं दूध पुसलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला, मोज्याचं टोक पकडलं, आणि बाटली स्वतःच्या तोंडाकडे ओढली.

सांगायला कोणी नव्हतं. नवऱ्याचा फोन लागत नव्हता. काकूंच्या दाराला कुलूप होतं. आई शेतात असतील. मी परीलाच सांगितलं, "परी, तू ओढली बाटली." ती पीत होती, तिनं लक्ष दिलं नाही.

काटा

दहाव्या दिवशी यवतमाळ. काट्यावर ठेवायच्या आधी परीचे कपडे काढायचे होते. सिस्टरनं काढले. पाच किलो दोनशे ऐंशी.

डॉक्टरांनी आधीचा कागद पाहिला, आताचा पाहिला. "नळीची गरज नाही," ते म्हणाले. "हळूहळू वाढेल. पंधरा दिवसांनी दाखवा." मग वर न बघता, लिहिता लिहिता त्यांनी परत विचारलं, "जबरदस्ती नाही ना करत?"

मी "नाही" म्हणू शकत होते. आता ते खरंही होतं.

"करत होते, सर," मी म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही विचारलं तेव्हाही करत होते. मला वाटत होतं, त्याला जबरदस्ती म्हणत नाहीत."

त्यांनी पेन थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. "बहुतेक जण नाहीच म्हणतात," ते म्हणाले. कागद घडी करून माझ्या हातात दिला.

बसस्टँडवर बाकावर बसले. परी खांद्यावर झोपली होती. आईंना फोन लावला. मागे मळणी यंत्राचा आवाज, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागलं. सगळं बसस्टँड ऐकत होतं.

"आई, त्या दिवशी मी ते तीन लेकरांचं…"

"वजन सांग पहिले!"

"एकशे ऐंशी ग्रॅम वाढलं!"

फोनवर काही ऐकू येईना. मग आईंचा आवाज आला, माझ्याशी नाही, शेतातल्या कोणाशी तरी: "मशीन बंद कर रे जरा. सून बोलून राह्यली."

यंत्र थांबलं. मी राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.